एमएसडब्ल्यू झालं, आता पगार कोण देणार?

ठाण्या-डोंबिवलीकडच्या घरात मुलीने ‘मी एमएसडब्ल्यू करणार’, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेणार, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘त्यात पगार मिळतो का?’ दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, ‘म्हणजे आता समाजसेवा करत फिरणार का तू?’ मुलीला दोन्हींचा राग येतो. पण पहिला प्रश्न चांगला आहे, फक्त अर्धवट विचारलेला आहे. पगार मिळतो. तो कोण देतं, हे विचारायला हवं. या पदवीनंतरच्या जवळजवळ सगळ्या वाटा तिथेच फुटतात. सरकार पगार देतं तेव्हा काम एका तऱ्हेचं असतं, कंपनी देते तेव्हा दुसऱ्या आणि देणगीदार देतो तेव्हा तिसऱ्या. समोरची माणसं तीच असतात आणि बरेचदा वस्त्याही त्याच: दिघा, तुर्भे स्टोअर, मुंब्रा, लोकमान्य नगर.

आधी पदवीबद्दल थोडं. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पहिली पदवी, बारावीनंतर करतात, एमएसडब्ल्यू कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांत होतं. त्यासाठी आधी बीएसडब्ल्यूच केलेलं असावं अशी बहुतेक ठिकाणी अट नसते, त्यामुळे वर्गात बीकॉमवाले असतात, बीएससीवालेही असतात. मुंबईत हे शिक्षण १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कपासून सुरू झालं. तीच आजची देवनारची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९५५ साली निर्मला निकेतन आलं, १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. वाशी-नेरूळच्या मुलांना टिससाठी हार्बरने गोवंडी जवळ पडतं, ठाणेकरांना निर्मला निकेतनसाठी चर्चगेटकडे जायचं तर गर्दीत उभं राहण्याची तयारी लागते.

या शिक्षणाचा कणा म्हणजे फील्डवर्क. आठवड्यातले साधारण दोन दिवस एखाद्या संस्थेत, रुग्णालयात किंवा वस्तीत काढायचे, केलेल्या कामाचं रेकॉर्डिंग लिहायचं आणि ते घेऊन सुपरवायझरसमोर आयसीला बसायचं. आयसी म्हणजे एकट्याची बैठक, जीसी म्हणजे गटाची. पेपर कसे गेले हे पुढे कुणी विचारत नाही. फील्डवर्क कुठे केलंस, हे मात्र पहिल्या मुलाखतीत विचारतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच कळलेली बरी. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल. समाजकार्य करणाऱ्यांसाठी देशपातळीवर अशी सगळ्यांना लागू होणारी परिषद नाही. कुणीही आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘समाजसेवक’ छापून नाक्यावर टांगू शकतो, आणि टांगतातच. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं आहे, पण बाकीचं मैदान मोकळंच आहे. म्हणून या पदवीला खरी किंमत येते ती कुठल्यातरी कायद्यात किंवा सेवाप्रवेश नियमांत ‘समाजकार्यातील पदवी आवश्यक’ असं लिहिलेलं असतं तिथे. नोकरी शोधताना या वाक्याच्या मागे लागावं.

कायद्याने उभ्या केलेल्या जागा

यातला सगळ्यात मोठा कप्पा बालसंरक्षणाचा. कल्याण किंवा ठाणे स्टेशनवर दहा-बारा वर्षांचा मुलगा एकटा सापडला, असं समजा. बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समिती मुलाची तात्पुरती सोय करते आणि चौकशीचा आदेश देते. ‘घरी जाऊन बघून या’ असं ती जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा एखाद्या संस्थेला सांगते, आणि तिथे एमएसडब्ल्यू झालेल्या माणसाची गरज लागते. या सामाजिक तपासणी अहवालासाठी कायद्याने १५ दिवसांची मुदत दिलेली आहे आणि फॉर्म २२ नावाचा लांबलचक नमुनाही.

हा अहवाल म्हणजे या पेशाची कारागिरी आहे, म्हणून जरा जवळून पाहू. नवखा कार्यकर्ता गृहभेटीहून येतो आणि लिहितो, ‘वडील व्यसनी आहेत, घरचं वातावरण चांगलं नाही.’ जुना सुपरवायझर या ओळीवर काट मारतो. व्यसनी आहेत हे कुणी सांगितलं? तू पाहिलंस? चांगलं नाही म्हणजे नेमकं काय? मग तीच ओळ अशी लिहिली जाते: ‘वडील रोज दारू पितात असं आईने सांगितलं. शेजारच्या दोन घरांतल्या व्यक्तींनी त्याला दुजोरा दिला. भेटीच्या वेळी वडील कामावर होते, त्यांची भेट झाली नाही. खोली एकच असून त्यात सहा माणसं राहतात. मुलगा दोन महिन्यांपासून शाळेत गेलेला नाही, हजेरीपट पाहिला.’ दुसऱ्या मसुद्यात मत जवळजवळ नाहीच, आणि तरी वाचणाऱ्याला घर दिसतं. याच कागदाच्या आधारे समिती ठरवते की मुलगा आईकडे परत जाणार की बालगृहात राहणार. वडिलांना भेटायला पुन्हा रात्री जायला हवं होतं, हे लिहितानाच ज्याच्या लक्षात येतं तो या कामात टिकतो.

या जागांचा पगार लपवण्यासारखा नाही, आणि मिरवण्यासारखाही नाही. केंद्राच्या बालसंरक्षणासाठीच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा कक्षातल्या संरक्षण अधिकाऱ्याला महिना २७,८०४ रुपये, सोशल वर्करला १८,५३६ रुपये आणि आउटरीच वर्करला १०,५९२ रुपये धरलेले आहेत. ठाणे जिल्ह्यात हेच काम दिव्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंत पसरतं. शहापूरला गृहभेट म्हणजे अख्खा दिवस जातो. १०,५९२ रुपयांत घोडबंदर रोडवर भाड्याने राहता येत नाही, हे गणित कुणी आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. ही पदं कंत्राटी असतात. मग मुलं ती का घेतात? अनुभवासाठी. इथे दोन वर्षं काढलेल्या माणसाला पोलिस, न्यायालय, रुग्णालय आणि तहसील कार्यालय या चारही ठिकाणी कुठल्या टेबलाकडे जायचं ते पाठ झालेलं असतं.

कायमच्या जागा वेगळ्या मार्गाने भरतात. महिला व बालविकास आयुक्तालयाच्या सरळसेवा भरतीत परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी अशी पदं निघतात. अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मुख्यसेविकेच्या पदाला समाजकार्याची पदवी चालते. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर एमपीएससी द्यावी लागते. या भरत्या वर्षानुवर्षं निघत नाहीत आणि निघाल्या की एका जागेमागे रांग लागते. ‘सरकारी निघेपर्यंत घरी बसून अभ्यास’ हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. मला तो पटत नाही, कारण दोन वर्षं कोरी गेलेल्या मुलाला नंतर कंत्राटी जागाही सहज मिळत नाही.

महिलांच्या बाजूने बघितलं तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, वन स्टॉप सेंटर म्हणजे सखी केंद्रांत समुपदेशक आणि केसवर्कर आहेत. पोलिस ठाण्यातच बसून काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली टिसने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. तिथे एमएसडब्ल्यू आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव लागतो. भांडण मिटवायचं की बाईला सुरक्षित बाहेर काढायचं, हा प्रश्न या प्रत्येक खुर्चीवर रोज येतो, आणि प्रत्येक खुर्चीवरून त्याचं उत्तर जरा निराळं दिसतं.

थोडी नवीन वाट म्हणजे पोक्सोतला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यातला, सपोर्ट पर्सन. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाबरोबर तक्रारीपासून निकालापर्यंत राहणारा माणूस. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती त्याची नेमणूक करते. मुलाला तारखेला घेऊन जाणं, कोर्टात कोण कुठे बसतं ते आधी दाखवून ठेवणं, भरपाईच्या अर्जाचा पाठपुरावा करणं असं हे काम आहे. मानधन केसगणिक मिळतं, त्यामुळे केवळ यावर घर चालत नाही. पण ज्यांना पुढे बालहक्कांच्या कायद्यात शिरायचं आहे त्यांच्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

सात वर्षं मुलांसाठी काम केल्यावर बालकल्याण समितीवर सदस्य म्हणून किंवा गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांच्या शेजारी बसण्यासाठी अर्ज करता येतो. मंडळात दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली एक महिला असलीच पाहिजे. विशीत त्याचा विचार करायचं कारण नाही, पण असा रस्ता आहे हे माहीत असावं.

रुग्णालय

सरकारी रुग्णालयात या पदाचं नाव भारदस्त आहे: समाजसेवा अधीक्षक. काम मात्र सकाळपासून कागदाचं. रुग्णाला शस्त्रक्रिया हवी असते, हातात पैसे नसतात. केशरी रेशनकार्ड आहे का? आधारवरचा पत्ता महाराष्ट्राचा आहे का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी, नाहीतर ट्रस्ट. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, हे बहुतेक नातेवाइकांना तिथल्या मेडिकल सोशल वर्करकडूनच पहिल्यांदा कळतं. दिघ्याच्या नाक्यावर उभा राहणारा कामगार गावाकडचं रेशनकार्ड घेऊन येतो तेव्हा यातले निम्मे दरवाजे बंद झालेले असतात. उरलेल्या निम्म्यांतला कुठला लवकर उघडेल, हे ओळखणं म्हणजे या माणसाचं कौशल्य.

मोठ्या खासगी रुग्णालयांत अवयव प्रत्यारोपण समन्वयक लागतो. २०१४ च्या नियमांनुसार वैद्यक किंवा नर्सिंगची पार्श्वभूमी चालते, कुठलीही पदवीही चालते, पण समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाला पसंती आहे. मेंदूमृत्यू जाहीर झालेल्या रुग्णाच्या घरच्यांशी बोलायचं काम त्याच्याकडे येतं. प्रत्येकाने हे काम घ्यावं असं मी म्हणणार नाही.

मानसिक आरोग्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथेच दूर करायला हवा. एमएसडब्ल्यू झाल्याने कुणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर, यालासुद्धा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वतंत्र व्याख्या आहे: एमएसडब्ल्यू आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या प्रशिक्षणासह. यूजीसीने एम.फिल. ही पदवी बंद करण्याचं धोरण घेतलं आहे, तेव्हा प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेत हा अभ्यासक्रम आता कुठल्या रूपात चालतो हे लेखी विचारा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. तिथल्यासारख्या जुन्या रुग्णालयांत समाजकार्यकर्त्याचं सगळ्यात चिवट काम म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाचं घर शोधणं. पत्ता चुकीचा निघतो, भाऊ फोन उचलत नाही, चाळ पाडून टॉवर झालेला असतो.

कंपनीचा पैसा

कंपन्यांकडे दोन वेगवेगळी दारं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं दार जुनं: कामगार कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तो नेमणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा २५० वर आली. ऐरोली-महापे-तुर्भ्याचा टीटीसी औद्योगिक पट्टा, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली या एमआयडीसी जवळ असलेल्या मुलांसाठी ही बातमी कामाची आहे. कँटीन, पाळणाघर, तक्रारी, अपघातानंतरची धावपळ हे त्याचं क्षेत्र. व्यवहारात तो बरेचदा एचआरच्या खोलीत बसतो आणि पाच वर्षांनी एचआरचाच होऊन जातो. पगाराच्या दृष्टीने ही वाईट गोष्ट नाही, पण आपण कुणाच्या बाजूला बसलो आहोत हे त्याला रोज आठवावं लागतं.

दुसरं दार सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं. कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या काचेच्या इमारती पाहून मुलांना वाटतं, इथे सीएसआर ऑफिसर होऊ. पण प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे कंपन्यांची स्वतःची सीएसआर टीम बहुधा दोन-चार माणसांची असते. पैसा बाहेरच्या संस्थेकडे जातो आणि खऱ्या जागा तिथे निघतात. कंपनीच्या आतल्या माणसाचा दिवस प्रस्ताव वाचण्यात, एक्सेल तपासण्यात आणि खर्चाची प्रमाणपत्रं मागण्यात जातो. ज्याला आकडे आवडतात त्याने नक्की जावं. ज्याला माणसं हवी आहेत त्याने आधी तीन-चार वर्षं वस्तीत काढावीत. मग कंपनीतही त्याच्या शब्दाला वजन येतं, कारण एसी खोलीतल्या बैठकीत वस्ती पाहिलेला तो एकटाच असतो.

संस्था

स्वयंसेवी संस्था हा सगळ्यांना माहीत असलेला रस्ता. ठाण्यातच उदाहरणं आहेत: तीन हात नाक्याच्या पुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेबरोबर २०१६ साली सुरू केलेली सिग्नल शाळा, १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच. पनवेलच्या बाजूला नेऱ्याचं शांतिवन, ताऱ्याचं युसूफ मेहेरअली सेंटर.

इथे समजून घ्यायची गोष्ट म्हणजे प्रकल्प. संस्थेकडे स्वतःचा पैसा क्वचितच असतो. देणगीदार एक ते तीन वर्षांसाठी पैसे देतो, त्यातून माणसं नेमतात, प्रकल्प संपला की करार संपतो. ११ महिन्यांची पत्रं इथूनच येतात. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या, दुरुस्तीने आणखी आवळलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेला देणं बंद झालं. गल्लीतल्या छोट्या संस्था मोठ्यांच्या आधाराने माणूस ठेवत होत्या, त्यांची ही सोय गेली. म्हणून मुलाखतीत लाजायचं नाही: माझा पगार कुठल्या प्रकल्पातून आहे, तो कधी संपतो, पीएफ कापता का, गृहभेटीचं रिक्षाभाडं कोण देतं, आणि माझ्या केसेसवर माझ्याशी बोलायला सुपरवायझर आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला, तर ती नोकरी जरा जपूनच घ्यावी. बालअत्याचाराच्या केसेस एकट्याने डोक्यात घेऊन संध्याकाळची कर्जत लोकल पकडणारी मुलं वर्ष-दीड वर्षात बँकेच्या परीक्षा द्यायला लागतात.

महापालिकांचं थोडक्यात सांगतो. समाजविकास विभागात बचत गटांचं काम पाहणारे समूह संघटक असतात. नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी नावाजलेलं आहे. जागा कमी, पण लक्ष ठेवावं.

पुनर्वसन ही या भागाची खास वाट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नवी मुंबई उभीच राहिली गावांच्या जमिनीवर. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको आली, १९८४ साली जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं जासईचं आंदोलन झालं, त्यांना विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. विमानतळासाठी दहा गावं हलली. इकडे ठाण्यात किसननगरसारख्या भागांत क्लस्टर योजना, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास, आहे. अशा प्रत्येक कामात घरोघरी सर्वेक्षण, पात्रतेचे वाद, तक्रारींची नोंद आणि स्थलांतरानंतर लोकांचं काय झालं याची पाहणी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यमापन आणलं, जागतिक बँकेसारखे कर्ज देणारेही सामाजिक तज्ज्ञ मागतात. ही कामं सल्लागार कंपन्यांकडे असतात, पगार संस्थांपेक्षा बरा असतो आणि लोकांच्या शिव्याही बऱ्यापैकी खाव्या लागतात, कारण दारात उभा असतो तो तुम्हीच. आगरी-कोळी गावांत वाढलेल्या मुलांना इथे भाषेची आणि नात्यांची जमेची बाजू आहे. तीच माणसं आपल्याच काकाच्या अपात्र खोलीचा फॉर्म भरताना अडचणीतही येतात.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. संस्थांची नवी अनुदानं बरेचदा आर्थिक वर्षाबरोबर सुरू होतात, त्यामुळे एप्रिल ते जूनमध्ये जाहिरातींवर बारीक नजर ठेवा. कंत्राटी सरकारी पदांसाठी ठाणे जिल्ह्याचं संकेतस्थळ आणि महापालिकांची भरतीची पानं अधूनमधून उघडून बघा, कारण अर्जाची मुदत कधीकधी आठ-दहा दिवसांचीच असते. आणि प्रत्येक नोकरी सोडताना त्याच दिवशी अनुभवाचं पत्र हातात घ्या. त्यावर पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि कामाचं स्वरूप असं चारही हवं. पाच वर्षांनी सरकारी भरतीत कागदपत्रांची तपासणी होते तेव्हा ‘मुलांसाठी काम केल्याचा अनुभव’ सिद्ध करायला तोच कागद लागतो, आणि तोपर्यंत तो प्रकल्प संपलेला असतो, संचालक बदललेले असतात, कधी संस्थेचं कार्यालयही दुसरीकडे गेलेलं असतं.